बॅटरीची जागा आणि विमानाचा तोल

विद्युत मोटरवर उडणाऱ्या रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानातला सर्वांत जड सुटा भाग म्हणजे बॅटरी. १२० सेंटिमीटर लांब पंखाच्या, नवशिक्यांसाठी बनवलेल्या विमानाचे सगळे साहित्य बसवून वजन १२०० ग्रॅमच्या घरात जाते. त्यातले १८० ग्रॅम बॅटरीचे असतात. मोटर नाकाला स्क्रूने जखडलेली असते, पंख आणि शेपटी यांच्या जागा आराखड्यातच ठरलेल्या असतात, सर्व्हो एकदा बसवले की सहसा हलत नाहीत. बॅटरी मात्र प्रत्येक उड्डाणानंतर चार्जिंगसाठी बाहेर निघते आणि पुन्हा आत जाते. ती दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे बसली की विमानाचा तोलही बदलतो. म्हणून बॅटरी बसवणे आणि विमान तोलणे हे एकच काम समजून करावे लागते.

विद्युत विमानाला यात एक सोय आहे. इंधनावर चालणाऱ्या मॉडेलची टाकी बहुधा गुरुत्वमध्याच्या पुढे असते. इंधन जळत जाते तसे नाक हलके होते, आणि म्हणून अशा विमानाचा तोल टाकी रिकामी ठेवून पाहतात. बॅटरीतली वीज संपली तरी तिचे वजन तेवढेच राहते. जमिनीवर साधलेला तोल विमान उतरेपर्यंत टिकतो. बॅटरी जागची हलता कामा नये, एवढीच अट.

बॅटरीचे वजन ही या छंदाची सुरुवातीपासूनची अडचण होती. ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी १९५७ साली ‘रेडिओ क्वीन’ हे मॉडेल सिल्व्हर-झिंक बॅटरीवर उडवले. रेडिओ-नियंत्रित विद्युत उड्डाणाची ही पहिली अधिकृत नोंद मानली जाते. पुढे अनेक वर्षे निकेल-कॅडमियम सेल वापरात होते. सात सेलच्या पॅकमधून ८.४ व्होल्ट मिळत आणि त्याचे वजन साधारण ४०० ग्रॅम भरे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो बॅटऱ्या सर्रास मिळू लागल्या. तीन सेलचा, ११.१ व्होल्टचा, २२०० एमएएच क्षमतेचा लिपो पॅक १८० ग्रॅमच्या आसपास असतो. वजन निम्म्याहून कमी झाले, आणि बॅटरी पंखाखालून काढून नाकात किंवा हवी तिथे ठेवण्याची मुभा मिळाली.

नाक जड की शेपूट जड

विमानाचे सगळे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, तो गुरुत्वमध्य. मॉडेल उडवणारे त्याला ‘सीजी’ म्हणतात. त्याच्या जोडीने दुसरा बिंदू विचारात घ्यावा लागतो, तो तटस्थ बिंदू. वाऱ्याच्या झोताने नाक किंचित वर उचलले गेले की पंख आणि शेपटी या दोहोंची उचल वाढते. ही जास्तीची उचल एकत्रितपणे जिथे लागू होते, तो तटस्थ बिंदू. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे असेल तर वाढलेली उचल शेपटीकडची बाजू वर ढकलते, नाक खाली येते आणि विमान आपोआप सावरते. गुरुत्वमध्य मागे गेला तर तीच उचल नाक आणखी वर रेटते, आणि उडवणाऱ्याचा हात स्टिकवर हलेपर्यंत विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल तुटते.

या दोन बिंदूंमधले अंतर पंखाच्या रुंदीच्या साधारण ५ ते १५ टक्के ठेवतात. शिकाऊ विमानात ते जास्त असते, कसरतीच्या विमानात कमी. शेपटीचा आडवा पंख मोठा असेल किंवा तो मुख्य पंखापासून लांब असेल, तर तटस्थ बिंदू मागे सरकतो.

नाक जड असलेले विमान एलेव्हेटर, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाचा हलता भाग, सतत थोडा वर धरून उडवावे लागते. शेपटी खाली दाबून धरलेली असल्याने पंखांवर जास्तीचा भार येतो. अशा विमानाला धावपट्टी जास्त लागते, वेग कमी केला की ते नाक टाकते, आणि उतरताना शेवटच्या क्षणी नाक वर घ्यायला एलेव्हेटर पुरत नाही. हे सगळे गैरसोयीचे असले तरी विमान ताब्यात राहते. शेपूट जड असलेले विमान याच्या उलट वागते. स्टिकच्या जराशा हालचालीने ते वर किंवा खाली झेपावते, हवेत एका रेषेत राहत नाही आणि सहज स्टॉल होऊन भोवऱ्यात सापडते. म्हणूनच पहिल्या उड्डाणाला गुरुत्वमध्य नेहमी पुढच्या अंगाला ठेवतात.

गुरुत्वमध्याची जागा मोजणे

मुख्य पंख पुढे आणि शेपटी मागे अशा नेहमीच्या रचनेत गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर ठेवतात. पंख मुळापासून टोकापर्यंत सारख्याच रुंदीचा असेल तर हिशेब सोपा आहे. २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखात ही जागा पुढच्या कडेपासून ५ ते ६.६ सेंटिमीटर मागे येते. तयार किटच्या पुस्तिकेत किंवा आराखड्यावर जागा दिलेली असेल, तर तीच प्रमाण मानावी.

पंख टोकाकडे निमुळता होत असेल तर सरासरी रुंदी काढावी लागते. मुळाशी २२ आणि टोकाला १६ सेंटिमीटर रुंदी असलेला पंख घेतला, तर दोहोंची बेरीज ३८ आणि गुणाकार ३५२. गुणाकाराला बेरजेने भागले की ९.२६ मिळतात. ते ३८ मधून वजा करून उरलेल्या २८.७४ च्या दोन तृतीयांश केले की १९.१६ सेंटिमीटर ही वायुगतिकीच्या दृष्टीने सरासरी रुंदी येते.

ही रुंदी पंखावर नेमकी कुठे मोजायची, ते कागदावर आकृती काढून कळते. मुळाशी रुंदीची रेघ काढून ती मागच्या बाजूला टोकाच्या रुंदीइतकी वाढवायची. टोकाशी रेघ काढून ती पुढच्या बाजूला मुळाच्या रुंदीइतकी वाढवायची. वाढवलेल्या रेघांची टोके एका तिरक्या रेषेने जोडायची. मुळाचा मध्य आणि टोकाचा मध्य जोडणाऱ्या रेषेला ती जिथे छेदते, तिथे सरासरी रुंदी मोजायची. वरच्या उदाहरणात अर्धा पंख ६० सेंटिमीटर लांब असेल तर ही जागा मुळापासून २८.४ सेंटिमीटरवर येते. पंखाची मागची कड सरळ असेल तर तिथे पुढची कड मुळापेक्षा २.८ सेंटिमीटर मागे असते. तेव्हा मुळाशी मोजताना २५ टक्क्यांची जागा ७.६ आणि ३३ टक्क्यांची ९.२ सेंटिमीटरवर पडते. मुळाच्याच रुंदीचे २५ टक्के धरले असते तर ५.५ सेंटिमीटर आले असते, आणि विमान दोन सेंटिमीटरने नाकजड झाले असते.

बॅटरीची जागा हिशेबाने

बॅटरी ज्यावर बसते तो ट्रे चिकटवण्यापूर्वी ती कुठे लागेल, हे एका मोजणीत काढता येते. मोटर, प्रॉपेलर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण), रिसीव्हर, सर्व्हो, चाके असे सगळे बसवून, फक्त बॅटरी वगळून, विमानाचे वजन करायचे आणि त्या स्थितीत गुरुत्वमध्य कुठे आहे ते पाहायचे. २० सेंटिमीटर रुंद पंखाच्या विमानाचे बॅटरीविना वजन १०२० ग्रॅम आहे आणि ते पुढच्या कडेपासून ७.२ सेंटिमीटरवर तोलले जाते, असे समजू. हवा असलेला गुरुत्वमध्य ५.६ सेंटिमीटरवर, म्हणजे २८ टक्क्यांवर आहे. फरक १.६ सेंटिमीटरचा. १०२० ला १.६ ने गुणले की १६३२ येतात. हा आकडा बॅटरीच्या वजनाने भागला की बॅटरीचा मध्य गुरुत्वमध्याच्या किती पुढे हवा, ते मिळते. १८० ग्रॅमच्या बॅटरीसाठी उत्तर ९.१ सेंटिमीटर, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेतीन सेंटिमीटर पुढे.

त्याच विमानात वेगळी बॅटरी वापरायची झाली तर भागाकार फक्त पुन्हा करायचा. १३०० एमएएचचा सुमारे १२० ग्रॅमचा पॅक गुरुत्वमध्याच्या १३.६ सेंटिमीटर पुढे, तर ३००० एमएएचचा सुमारे २४० ग्रॅमचा पॅक ६.८ सेंटिमीटर पुढे बसायला हवा. १२० ग्रॅमचा पॅक १८० ग्रॅमच्या पॅकच्याच खुणेवर ठेवला तर या विमानाचा गुरुत्वमध्य पावणेपाच मिलिमीटरने मागे जाऊन ६.१ सेंटिमीटरवर येतो. तो अजून मर्यादेत आहे. पण मुळात तोल ६.४ वर साधलेला असता, तर तीच अदलाबदल विमानाला मर्यादेबाहेर घेऊन गेली असती. म्हणून वापरात असलेला प्रत्येक पॅक वजन करून त्यावर आकडा लिहावा आणि ट्रेवर त्या-त्या पॅकची स्वतंत्र खूण करावी.

बॅटरीची जागा ठरवताना तिला पुढेही आणि मागेही सरकायला थोडी मोकळीक ठेवतात. या विमानात बॅटरी एक सेंटिमीटर सरकली की गुरुत्वमध्य दीड मिलिमीटर हलतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर जागा असेल तर एकूण नऊ मिलिमीटरचा वाव मिळतो, आणि तो बहुतेक वेळा पुरतो.

ट्रे, वेल्क्रो आणि पट्टा

बॅटरी थेट फोमवर किंवा बाल्सावर टेकवू नये. तिच्याखाली तीन मिलिमीटर जाडीच्या हलक्या प्लायवूडचा ट्रे असावा, आणि तो धडाच्या दोन्ही भिंतींना किंवा आडव्या फळ्यांना इपॉक्सीने जोडलेला असावा. साधा सीए गोंद थर्मोकोलला विरघळवतो. धड थर्मोकोलचे असेल तर फोमसाठीचा वेगळा सीए किंवा इपॉक्सीच वापरतात.

ट्रेवर वेल्क्रोची काटेरी बाजू आणि बॅटरीवर मऊ बाजू, अशी मांडणी सोयीची ठरते. मऊ बाजूमुळे बॅटऱ्या पिशवीत एकमेकींना अडकत नाहीत. प्लायवूडच्या कोऱ्या पृष्ठभागावर वेल्क्रोचा गोंद नीट धरत नाही. उन्हात तापल्यावर पट्टी कडेपासून सुटते आणि पुढच्या वेळी बॅटरी ओढताना ट्रेवरून उखडून हातात येते. त्यासाठी लाकडावर आधी पातळ इपॉक्सीचा हात देऊन ते वाळवावे, बारीक पॉलिश पेपरने घासून पुसावे आणि मगच पट्टी दाबावी.

वेल्क्रो सरकण्याला चांगला विरोध करते, पण एका टोकाकडून सोलले तर सहज सुटते. गिरकीत बॅटरीवर वजनाच्या कित्येक पट ताण येतो आणि ती ट्रेवरून उचलली जाते. म्हणून वेल्क्रोच्या जोडीला ट्रेच्या खालून ओवलेला पट्टा हवाच. पट्ट्याला ट्रेमध्ये दोन खाचा पाडतात, त्यांच्या कडा घासून गोल करतात. १८० ग्रॅमच्या बॅटरीला एक पट्टा चालतो. मोठ्या बॅटरीला पुढे-मागे दोन बांधणे बरे. पट्टा घट्ट असावा, पण बॅटरीच्या मऊ आवरणात रुतू नये.

एवढे करूनही ट्रेच्या दोन्ही टोकांना अडसर ठेवतात. सरळ वर चढताना सुटलेली बॅटरी मागे घसरते. वरच्या विमानात ती आठ सेंटिमीटर मागे गेली तर गुरुत्वमध्य १२ मिलिमीटर मागे जातो, ५.६ चा ६.८ होतो, आणि विमान हवेतच शेपूटजड होते. मागचा अडसर यासाठी. पुढच्या अडसराचे काम वेगळे आहे. विमान आपटले तर बॅटरी पुढे झेपावते, तेव्हा मोटरच्या मागच्या फळीवरचे स्क्रू किंवा ईएससीची कडा तिच्यात घुसू नये. अडसरासमोर एक-दोन सेंटिमीटर मऊ फोम ठेवतात.

तारा, हवा आणि झाकण

बॅटरी पुढे-मागे केली की तारांची लांबीही बदलावी लागते. बॅटरीपासून ईएससीपर्यंतच्या तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात. त्या लांब झाल्या तर प्रवाहाच्या जलद चढ-उतारामुळे ईएससीमधल्या कपॅसिटरवर ताण येतो आणि तो निकामी होऊ शकतो. अंतर भरून काढायचेच असेल तर ईएससी आणि मोटर यांच्यामधल्या तीन तारा वाढवतात. बॅटरीची बारीक बॅलन्स वायर फिरत्या मोटरला लागणार नाही अशी दुमडून बांधावी. मोटरचे बाहेरचे कवचच फिरत असेल तर हे विशेष सांभाळावे लागते.

लिपो बॅटरी वापरात गरम होते आणि किंचित फुगते. तिच्याभोवती तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी, नाकाशी हवा आत यायला भोक असावे आणि हवा बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी असावी. बॅटरीचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देत नाहीत. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीत ठेवलेली बॅटरी उड्डाणाआधीच तापलेली असते. फुगून टणक झालेला किंवा आपटून चेपलेला पॅक ट्रेवर पुन्हा बांधू नये. चार्जिंग विमानातून बाहेर काढूनच करावे.

झाकण अशा ठिकाणी असावे की प्लग जोडताना हात प्रॉपेलरच्या फेऱ्यात येणार नाही. आधी ट्रान्समीटर सुरू करून थ्रॉटल तळाला ठेवायचा, मग बॅटरी जोडायची. उतरल्यावर क्रम उलटा: आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद करायचा. झाकण चुंबकावर असेल तर मागच्या टोकाला खटकाही लावतात, कारण धडातला हवेचा दाब ते उचलू शकतो.

जमिनीवरची तपासणी

तोल पाहताना विमान उड्डाणाला निघाल्यासारखे पूर्ण असावे. बॅटरी पट्ट्याने बांधलेली, प्रॉपेलर व झाकण लावलेले, आणि चाके आत जाणारी असतील तर आत घेतलेली. बॅटरी जागेवर हवी, पण प्लग जोडलेला नको. ठरलेल्या जागी पंखाच्या दोन्ही अंगांना, धडाजवळ, टेपच्या छोट्या खुणा करतात. पंख धडाच्या वर असेल तर विमान सरळ आणि पंख खाली असेल तर उलटे धरतात; तसे केल्याने वजन आधाराच्या खाली राहते आणि विमान कलंडत नाही.

आधार दोन बोटांच्या टोकांचा घेता येतो. मात्र बोटाची रुंदी दीड सेंटिमीटर असते आणि चुकीला तेवढाच वाव मिळतो. लाकडी पाटावर दोन पेन्सिली उभ्या करून त्यांच्या टोकाच्या रबरावर खुणा टेकवल्या तर मोजणी जास्त काटेकोर होते. पंखे आणि खिडक्या बंद कराव्यात. नाक आडव्या रेषेत किंवा किंचित खाली राहिले तर तोल बरोबर आहे. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे, नाक फार झुकले तर मागे.

त्यानंतर आडवा तोल. प्रॉपेलरचा दांडा आणि शेपटीचा तळ यांना धरून विमान उचलले की जो पंख जड, तो खाली जातो. एका पंखात जास्त गोंद गेलेला असतो, किंवा बॅटरी धडाच्या मध्यरेषेपासून बाजूला बसलेली असते. बॅटरी मध्यावर आणून फरक राहिलाच, तर हलक्या पंखाच्या टोकात एखादा खिळा खुपसून चिकटवतात. टोक मध्यापासून लांब असल्याने दोन-चार ग्रॅम पुरतात.

पासंग कधी लावावा

बॅटरी पुढच्या अडसरापर्यंत नेऊनही शेपूट जड राहिली, तर शिशाचा पासंग लावण्याआधी दोन उपाय करून पाहतात: ईएससी आणि रिसीव्हर पुढे सरकवणे, आणि शेपटीतले सर्व्हो धडात आणणे. विमानाचे नाक आखूड आणि शेपटी लांब असते, त्यामुळे शेपटीतला प्रत्येक ग्रॅम महाग पडतो. गुरुत्वमध्यापासून ६५ सेंटिमीटर मागे रंग आणि गोंद यांचे १० ग्रॅम वाढले, तर ते फेडायला २२ सेंटिमीटर पुढे जवळजवळ ३० ग्रॅम शिसे लागते आणि विमान एकूण ४० ग्रॅमने जड होते. तेच काम १८० ग्रॅमची बॅटरी ३.६ सेंटिमीटर पुढे सरकवून होते, आणि वजन काहीच वाढत नाही. शिसे लावायचेच झाले तर टायरच्या दुकानात चाकांच्या बॅलन्सिंगसाठी मिळणाऱ्या ५ आणि १० ग्रॅमच्या चिकट पट्ट्या सोयीच्या. त्या मोटरच्या अगदी जवळ, गोंदाबरोबर स्क्रूनेही पक्क्या कराव्यात.

वेगळ्या घडणीची विमाने

पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या प्रतिकृती तोलायला सर्वांत अवघड जातात. मूळ ‘सॉपविथ कॅमल’मध्ये जड रोटरी इंजिन, मशीनगन, वैमानिक आणि इंधन हे सगळे पुढच्या थोड्या लांबीत दाटलेले होते, म्हणून तिचे नाक आखूड असूनही तोल साधत असे. प्रतिकृतीत त्या इंजिनाच्या जागी लहानशी हलकी मोटर येते. त्यामुळे बॅटरी मोटरच्या फळीला टेकून, कधी मोटरच्या खाली, नाकाच्या आवरणातच बसवावी लागते.

शेपटी नसलेल्या उडत्या पंखात गुरुत्वमध्य सरासरी रुंदीच्या १५ ते २० टक्क्यांवर असतो आणि चार-पाच मिलिमीटरचा फरकही जाणवतो. मोटर मागे असेल तर बॅटरी थेट नाकाच्या टोकाकडे जाते. लहान पंख पुढे असलेल्या कॅनार्ड रचनेत गुरुत्वमध्य मुख्य पंखाच्याही पुढे येतो. तिथे टक्केवारीचा नेहमीचा नियम लावू नये.

हवेतली परीक्षा

पहिले उड्डाण मर्यादेच्या पुढच्या टोकाजवळ, वरच्या २० सेंटिमीटर रुंद पंखाच्या उदाहरणात ५ ते ५.५ सेंटिमीटरवर तोल ठेवून करतात. पुरेशा उंचीवर मध्यम वेगात विमान सरळ उडेल असा ट्रिम लावला की डाइव्हची परीक्षा घेता येते. थ्रॉटल बंद करून विमान ३० ते ४५ अंशांत खाली सोडायचे आणि स्टिक मोकळी ठेवायची. विमान झपकन वर आले तर नाक जड आहे: सरळ उडण्यासाठी एलेव्हेटर वर ट्रिम केलेला असतो आणि वेग वाढला की त्याचा जोर वाढतो. हळूहळू सावरले तर तोल योग्य. आणखी खाली वळू लागले तर शेपूट जड आहे. लगेच बाहेर काढून विमान उतरवावे. मोटर चालू ठेवून ही परीक्षा घेऊ नये, कारण मोटरच्या ओढीची दिशाही नाक वर-खाली करते.

कसरतीच्या विमानाला उलटे उडवूनही पाहतात. नाक फार जड असेल तर सरळ राहण्यासाठी स्टिक बरीच पुढे रेटावी लागते. जितका रेटा कमी, तितका गुरुत्वमध्य तटस्थ बिंदूच्या जवळ. दर बदलाला गुरुत्वमध्य तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलवत नाहीत, आणि बदलानंतर एलेव्हेटरचा ट्रिम पुन्हा लावतात. मनाजोगा तोल मिळाला की बॅटरीच्या पुढच्या कडेपाशी ट्रेवर पक्क्या शाईने रेघ ओढतात. शेपटीची दुरुस्ती केली, मोटर बदलली, रंग चढवला किंवा नव्या वजनाची बॅटरी आणली, की ती रेघ ग्राह्य राहत नाही. विमान पुन्हा पेन्सिलींवर तोलून नवी रेघ काढावी लागते.